फ्लॉपी ते दीडशे जीबी: गेमची साइझ नेमकी कशाने वाढली, आणि जुन्या डिस्क उतरवायच्या कशा?

ऐरोली_सेक्टर_आठ

आमच्या सोसायटीच्या वाचनालयातर्फे गणपतीत मुलांसाठी छोटं प्रदर्शन लावायचं आहे: पूर्वी गेम कशावर यायचे आणि किती जागा खायचे. सगळ्यांचे माळे धुंडाळून जमलेला माल असा: ३.५ इंची फ्लॉपी २२ (तीन-चारवर पांढुरके ठिपके), ५.२५ इंची ६, सीडी १४ (त्यातल्या ५ घरी राइट केलेल्या), डीव्हीडी ९ आणि टीव्ही गेमच्या पिवळ्या कॅसेट ३.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

१. टेबलावर मांडायला खात्रीचे आकडे हवेत. "ग्राफिक्स सुधारलं म्हणून साइझ वाढली" एवढ्यावर आमची मुलं गप्प बसणार नाहीत.
२. प्रदर्शनात डिस्क हाताळल्या जाणार, त्याआधी आतला माल उतरवून ठेवायचाय. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह मागवला की काम होईल ना?
३. शेवटी एक आजचा गेम चालवून दाखवायचाय. पीसीत ५१२ जीबी एसएसडी (न फिरणारी, चिपची डिस्क), त्यात १४० जीबी मोकळी. गेम १५० मागतो. नेट १०० एमबीपीएस.

नौपाड्याचा_सोल्डर

आधी दुसऱ्या प्रश्नाचं, कारण त्यात नुकसान होऊ शकतं. ठिपकेवाल्या फ्लॉपी कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालू नका. ती बुरशी आहे. खाडीकाठची हवा आणि चार महिने बंद कपाट म्हणजे तिला आयतं घर. ड्राइव्हच्या हेडला (डिस्क वाचणाऱ्या टोकाला) बुरशी चिकटली की पुढच्या चांगल्या डिस्कवरही तोच कचरा घासला जातो आणि ऑक्साइडचा थर, म्हणजे ज्यावर माल लिहिलेला असतो तोच, खरवडून निघतो. खरवडलेला थर पुन्हा आणता येत नाही.

सगळ्या २२ आधी डोळ्यांनी तपासा. पत्र्याची झडप बोटाने सरकवायची, मागची धातूची चकती फिरवत दोन्ही बाजू ट्यूबलाइटखाली तिरक्या धरायच्या. काळा, एकसारखा गुळगुळीत पृष्ठभाग असेल तर ठीक. ठिपके, ढगाळ पट्टे किंवा गोल रेघ दिसली तर ती डिस्क बाजूला. साफ करायला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारी कापसाची काडी. झडपेच्या खिडकीतून हलका हात, चकती फिरवत, दोन्ही बाजूंनी. मग पूर्ण सुकू द्या. हात धुवायचं सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरिन असतं. साफ केलेल्या डिस्क सगळ्यात शेवटी वाचायच्या आणि दर डिस्कनंतर ड्राइव्हचं हेडही पुसायचं. वाचताना चर्रर्र असा आवाज आला तर लगेच बाहेर काढा, "अजून एकदा बघू" करू नका.

दुसरं, लॉक. ३.५ इंचीत कोपऱ्यातलं भोक उघडं असेल तर डिस्कवर लिहिता येत नाही. ५.२५ इंचीत उलटं: कडेची खाच चिकटपट्टीने झाकली की लिहिणं बंद. यात गोंधळ होतो आणि मग विंडोज "फॉरमॅट करू का?" विचारतं, कुणीतरी हो म्हणतं.

यूएसबी ड्राइव्ह ३.५ इंचीच्या १.४४ एमबी डिस्कला पुरतो, बहुतेक वेळा ७२० केबीलाही. ५.२५ तर त्यात शिरणारच नाही. विंडोज ९५च्या काळात मायक्रोसॉफ्टने एका ट्रॅकवर (डिस्कवरच्या गोल रेघेवर) १८ऐवजी २१ सेक्टर (रेघेचे तुकडे) कोंबून १.६८ एमबीच्या डिस्क काढल्या होत्या, त्याही बऱ्याच यूएसबी ड्राइव्हना वाचता येत नाहीत. तुमच्यात तशा निघाल्या तर घाबरू नका, डिस्क खराब नाही.

फाइली कॉपी करू नका, पूर्ण डिस्कची प्रतिमा घ्या, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत एकाच फाइलीत. विंडोजवर विनइमेज, लिनक्सवर डीडीरेस्क्यू. १.४४च्या डिस्कच्या प्रतिमेची साइझ बरोबर १४,७४,५६० बाइट यायला हवी: २ बाजू × ८० ट्रॅक × १८ सेक्टर × ५१२ बाइट. एक बाइटही कमी असेल तर मध्ये वाचन तुटलंय. डीडीरेस्क्यूचा फायदा असा की ते आधी सोपं सोपं उचलतं आणि अडलेल्या सेक्टरवर नंतर परत येतं. त्याची नोंदीची फाइल जपून ठेवा. तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून फक्त राहिलेले सेक्टर भरता येतात. प्रत्येक ड्राइव्हचं हेड केसभर इकडेतिकडे असतं, त्यामुळे एकात अडलेलं दुसऱ्यात सहज वाचलं जातं.

५.२५साठी अस्सल ड्राइव्ह हवा, आणि त्याला यूएसबीशी जोडायला ग्रीझवीझलसारखा बोर्ड. ड्राइव्हला ५ आणि १२ असे दोन्ही व्होल्ट लागतात, तेव्हा जुन्या एसएमपीएसची (पीसीला वीज देणाऱ्या डब्याची) मोठी चार पिनांची वायर वापरा. चौतीस पिनांची पट्टी उलटी लागली तर ड्राइव्हचा दिवा सतत पेटलेला राहतो. असं दिसलं की डिस्क घालायच्या आत बंद करून पट्टी फिरवायची. तुमच्या सहा डिस्क बहुधा ३६० केबीच्या असतील, म्हणजे ४० ट्रॅकच्या. ड्राइव्ह १.२ एमबीचा मिळाला तर तो ८० ट्रॅकचा आणि मिनिटाला ३०० ऐवजी ३६० फेऱ्यांचा असतो. वाचायला चालतो, फक्त सॉफ्टवेअरला एकाआड एक ट्रॅक घ्यायला सांगावं लागतं. त्यावर लिहू मात्र नका: त्याचं हेड अरुंद, जुन्या रुंद ट्रॅकच्या मधोमध बारीक रेघ ओढतं आणि मग मूळ ३६०च्या ड्राइव्हला नवी रेघ आणि कडेचा जुना माल असं दोन्ही एकदम ऐकू येतं.

पिवळ्या कॅसेटच्या वाटेला जाऊ नका, म्हणजे उतरवण्याच्या. एक उघडून तशीच मांडा. आत हिरव्या पट्टीवर काळे डांबरासारखे गोळे दिसतील, त्यांच्याखाली रॉमची, म्हणजे गेम कायमचा कोरलेली, चिप आहे. पिनांवर फुंकर मारायची सवय मुलांना लावू नका, थुंकीच्या ओलाव्याने तांबं गंजतं. तेच अल्कोहोल, तीच काडी.

टेक्सेल_कोपरखैरणे

पहिला प्रश्न माझ्या आवडीचा. मुलांना माध्यमांची यादी देऊ नका, प्रत्येक माध्यमाने गेम बनवणाऱ्यांना काय करायला लावलं ते दाखवा.

त्या पिवळ्या कॅसेटीपासून सुरुवात. सुपर मारिओ ब्रदर्स, १९८५: पूर्ण गेम ४० केबी. ३२ केबी प्रोग्राम आणि ८ केबी चित्रं. एवढ्यात कसं बसलं? आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप नीट बघा: आकार एकच, फक्त रंग बदललेत. मुलांना हे स्क्रीनवर दाखवा आणि मग आकडा सांगा, आकडा लक्षात राहील. चिपवरची जागा महाग, पण वाचायला वेळच लागत नाही, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

(एक फालतू शंका आधीच मिटवतो. आपल्याकडे याला कॅसेट म्हणतात, पण परदेशात झेडएक्स स्पेक्ट्रमसारख्या मशीनवर गेम खरोखरच गाण्याच्या कॅसेटवर यायचे. टेपरेकॉर्डर लावायचा आणि ४८ केबीसाठी चार-पाच मिनिटं किंचाळणं ऐकत बसायचं.)

फ्लॉपी: प्रिन्स ऑफ पर्शियाची डॉस (विंडोजआधीच्या पीसीची) आवृत्ती १.४४च्या एका डिस्कमध्ये आरामात बसते. १९९३चा डूम, त्याचा फुकट वाटलेला पहिला भाग दाबून दोन डिस्कवर. त्यानंतर फ्लॉपीची संख्या वाढत गेली. मंकी आयलंडचा दुसरा भाग अमिगा कॉम्प्युटरवर ११ डिस्कचा होता, म्हणजे गेममध्ये दार उघडलं की "डिस्क ७ घाला".

सीडी: ७४ मिनिटांच्या सीडीत ६५० एमबी. एका झटक्यात साडेचारशे फ्लॉपींची जागा. आणि इथे गंमत अशी झाली की भरायला कुणाकडे तेवढा मालच नव्हता. म्हणून मग गेममध्ये सिनेमासारखे व्हिडिओ आले, गाण्याचे ट्रॅक आले. १९९७ची फायनल फँटसी सेव्हन ३ सीडींवर आली, त्यात मोठा वाटा व्हिडिओंचा. त्याच काळात निन्टेन्डो ६४ हे टीव्ही गेमचं मशीन चिपवरच अडून होतं. त्याची सगळ्यात मोठी कॅसेट ६४ एमबीची. रेसिडेंट ईव्हिल टू प्लेस्टेशनवर २ सीडींचा, तोच गेम व्हिडिओंसकट त्या ६४ एमबीत दाबून बसवला. माझ्या मते टेबलावर ठेवायला याहून चांगली जोडी नाही.

डीव्हीडी ४.७ किंवा दोन थरांची ८.५ जीबी, ब्लू-रे २५ आणि ५०, आताच्या कन्सोलची १०० जीबीपर्यंत. चकती तीच, १२ सेंटिमीटरची. आत मुख्य फरक लेझरचा: सीडीला ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीला ६५०, ब्लू-रेला ४०५. तरंगलांबी कमी तसा ठिपका बारीक, आणि रेघा जवळजवळ आखता येतात: सीडीत दोन रेघांमध्ये १.६ मायक्रोमीटर, डीव्हीडीत ०.७४, ब्लू-रेत ०.३२.

एकाच घराण्याची चढण दाखवायची असेल तर जीटीए घ्या, सगळ्यांना ओळखीचं. पीसीवर व्हाइस सिटी (२००३) २ सीडी, सॅन अँड्रियास (२००५) १ डीव्हीडी, चौथा (२००८) २ डीव्हीडी, पाचवा (२०१५) ७ डीव्हीडी आणि हार्ड डिस्कवर ६५ जीबी. त्याच कंपनीचा रेड डेड रिडम्प्शन टू २०१९ साली पीसीवर थेट १५० जीबी मागत आला.

आता "ग्राफिक्स वाढलं" म्हणजे नेमकं काय, तर हा हिशेब. डूममधल्या जमिनीचं एक चित्र ६४ × ६४ ठिपक्यांचं, ठिपक्याला एक बाइट: ४,०९६ बाइट. आजच्या गेममध्ये एका पृष्ठभागाचं चित्र सर्रास ४०९६ × ४०९६. ग्राफिक्स कार्डला समजेल अशा दाबलेल्या स्वरूपातही ठिपक्याला एक बाइट धरा: १६ एमबी. दूरून बघण्यासाठी त्याच्याच अर्ध्या, पाव, अष्टमांश मापाच्या प्रती सोबत लागतात, त्यांनी एक तृतीयांश वाढ: २१.३ एमबी. आणि एका पृष्ठभागाला चित्र एकच नसतं. रंगाचं एक, उंचसखलपणाचं एक, चकाकीचं एक. तीन झाले, ६४ एमबी. म्हणजे एका भिंतीचं प्लास्टर = निन्टेन्डो ६४ची सगळ्यात मोठी कॅसेट, पूर्ण गेमसकट. एसएसडीवर ठेवताना हे आणखी दाबतात, पण प्रमाण कळायला हरकत नाही. दोन्ही बाजूंचे ठिपके दुप्पट केले की जागा चौपट, सगळी मेख इथे आहे.

घोडबंदर_जॅम

एवढं गणित कशाला? आजकाल कोण मेहनत घेतंय. ४० केबीत मारिओ बसवणारे इंजिनिअर होते, आताचे सगळं न दाबता तसंच टाकून देतात. आळस, दुसरं काय.

टेक्सेल_कोपरखैरणे

घोडबंदर, अर्धं बरोबर. न दाबता टाकतात हे खरं, पण बऱ्याचदा ते मुद्दाम असतं. टायटनफॉल (२०१४) पीसीवर ४८ जीबी होता, त्यातला ३५ जीबी न दाबलेला आवाज. दाबलेला आवाज खेळताना उलगडायला प्रोसेसर लागतो आणि दोन कोरच्या मशीनवर तेवढी ताकद उरत नव्हती. डिस्कची जागा देऊन प्रोसेसरचा वेळ घेतला.

दुसरं उदाहरण याहून भारी, आणि प्रदर्शनात हेच मध्यभागी असावं. फिरत्या हार्ड डिस्कचं हेड एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला साधारण १० मिलिसेकंद घेतं. म्हणजे सेकंदाला शंभर उड्या. प्रत्येक उडीला ६४ केबी उचलले तर सेकंदाला जेमतेम ६ एमबी. तीच डिस्क सलग वाचली तर १५० एमबी. पंचवीसपट फरक! मग गेमवाले काय करतात? जो दगड दहा पातळ्यांमध्ये आहे तो दहाही ठिकाणी पुन्हा लिहून ठेवतात, म्हणजे ती पातळी उघडताना हेडला उड्याच माराव्या लागत नाहीत. सीडीवर उडी याहूनही महाग, तिथपासूनची ही युक्ती.

हेलडायव्हर्स टू हा गेम पीसीवर १५४ जीबीपर्यंत गेला होता आणि कन्सोलवर ३५च्या आसपास. फरक मुख्यतः या प्रतींचा, कारण पीसीवर कुणाकडे तरी अजून फिरती डिस्क असणार. २०२५च्या डिसेंबरात त्यांनी प्रती काढून टाकल्या आणि गेम २३ जीबीवर आला. चित्रं तीच, आवाज तोच. १३१ जीबी हे निव्वळ हेडच्या उड्या वाचवायचं भाडं होतं, आणि फिरत्या डिस्कवरही लोडिंगचा वेळ फारसा वाढला नाही असं मोजल्यावर निघालं. तेव्हा आळस म्हणायचाच असेल तर जुना अंदाज पुन्हा न मोजण्याचा म्हणा.

मारिओच्या चिपला उडी मारावी लागत नव्हती, म्हणून तिथे एकच झुडूप दोनदा वापरता आलं. एसएसडीने तीच सोय परत आणली.

घोडबंदर_जॅम

हे माहीत नव्हतं. आळस अर्धा मागे घेतो. बाकीचा अर्धा ठेवतोय, लागेल.

ऐरोली_सेक्टर_आठ

भन्नाट. सोल्डर, एक अडचण. सीडींपासून सुरुवात केली. क्वेकच्या सीडीचा आयएसओ (सीडीच्या प्रतिमेची फाइल) काढला, गेम चालतो पण संगीत नाही, फक्त बंदुका आणि गुरगुरणं. सीडीवर ओरखडा आहे, त्यामुळे का? आणि एका जुन्या रेसिंग गेमची अस्सल सीडी आहे, विंडोज १०वर सुरूच होत नाही.

नौपाड्याचा_सोल्डर

ओरखड्याचा दोष नाही. क्वेकच्या (१९९६) सीडीवर पहिला ट्रॅक डेटाचा आणि पुढचे साध्या गाण्याच्या सीडीसारखे ऑडिओ ट्रॅक आहेत. आयएसओमध्ये फक्त डेटाचा ट्रॅक येतो. बिन आणि क्यू अशा जोडफाइलीत प्रतिमा काढा. क्यू फाइल नोटपॅडमध्ये उघडली की ट्रॅकची यादी दिसते, त्यात "ऑडिओ"च्या ओळी असतील तर बरोबर उतरली. डॉसबॉक्समध्येही (जुने डॉस गेम चालवणारा प्रोग्राम) क्यू फाइलच जोडायची.

रेसिंगवाल्यात सेफडिस्क नावाचं कॉपी-लॉक असण्याची शक्यता जास्त. त्याला लागणारा ड्रायव्हर विंडोज १०ने घेतलाच नाही, २०१५च्या सुरक्षा अपडेटने जुन्या विंडोजवरही बंद केला. डिस्क अस्सल असो की नसो, चालत नाही. ती डिस्क फक्त मांडा. दुसरी शक्यता म्हणजे गेम ३२ बिटचा पण इन्स्टॉलर १६ बिटचा. ६४ बिट विंडोज तो उघडतच नाही. तेव्हा आभासी मशीनवर (पीसीतच प्रोग्रामने उभा केलेला दुसरा पीसी) विंडोज ९८ टाकून बघा.

ओरखड्याबद्दल: खालच्या, चकचकीत बाजूचे बारीक ओरखडे बहुतेक वाचले जातात, कारण डेटाचा थर सव्वा मिलिमीटर प्लास्टिकच्या पलीकडे आहे. वरच्या छापील बाजूला जपा. तिथे डेटा आणि तुमच्या नखामध्ये फक्त लाखेचा पातळ थर असतो, बॉलपेनने नाव लिहिलं तरी खड्डा पडतो. दिव्यासमोर धरा, टाचणीएवढा उजेड आरपार आला तर तिथला डेटा गेला. पुसताना मधून बाहेर सरळ, गोल गोल नाही. घरी राइट केलेल्या ५ आधी उतरवा, त्यातला रंगाचा थर उन्हाने आणि वयाने फिका पडतो. कारखान्यात दाबलेल्या थांबतील.

काम झाल्यावर सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. आणि प्रतिमा सोसायटीच्या ग्रुपवर वाटू नका. ज्याच्याकडे मूळ प्रत आहे त्याने नासधुशीपासून बचाव म्हणून जवळ प्रत ठेवणं आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये बसतं, वाटप बसत नाही.

महापे_रात्रपाळी

तिसरा प्रश्न कुणी घेतलाच नाही, म्हणून मी.

५१२ जीबी एसएसडी विंडोजमध्ये ४७६ दिसते, कारण कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ने. हरवलं काहीच नाही. पण १४० मोकळ्यात १५०चा गेम बसणार नाही, आणि १५० मोकळी केली तरी पुरणार नाही. गेमचा माल बऱ्याचदा मोठमोठ्या गठ्ठ्यांत असतो. दोन जीबीचा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) आला तरी स्टीम (गेम विकत घेऊन उतरवायचं सॉफ्टवेअर) पूर्ण गठ्ठा शेजारी नव्याने बांधतं आणि मग जुना काढतं. तेवढी जागा नसली की "डिस्क भरली" म्हणून पॅच अडतो आणि प्रदर्शनाच्या दिवशी गेम उघडत नाही. किमान २०० मोकळी ठेवा, नाहीतर १ टीबीची बाहेरची एसएसडी यूएसबी ३च्या पोर्टला लावा. फिरती बाहेरची डिस्क नको, वर टेक्सेलने उड्यांचा हिशेब दिलाच आहे.

१०० एमबीपीएसवर १५० जीबी म्हणजे उत्तम लाइन मिळाली तरी ३ तास २० मिनिटं. सोसायटीत कुणाकडे तोच गेम आधीच असेल तर दोन्ही पीसी एकाच राउटरला गिगाबिट केबलने जोडा. स्टीम २०२३पासून शेजारच्या पीसीवरून फाइली उचलू शकतं, सेटिंगच्या डाउनलोड भागात परवानगी द्यावी लागते. केबल पूर्ण वेगाने चालली तर पंचवीस मिनिटांत काम होतं. वायफायवर करू नका.

आदल्या रात्री पॅच घ्या, एकदा गेम उघडून पहिल्या पडद्यापर्यंत जा (पहिल्यांदा शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डचे छोटे प्रोग्राम, बांधण्यात वेळ जातो), मग स्टीम ऑफलाइनवर टाका. पीसी यूपीएसवर. पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

आणि फलकासाठी माझ्याकडून एक आकडा: १५० जीबीला १.४४च्या फ्लॉपी लागतील सुमारे १,०१,७००. एकेक ३.३ मिलिमीटर जाड, रांग साधारण ३३५ मीटर. पंधरा डब्यांची लोकल याहून थोडी आखूडच. पहिल्या पिढीच्या सीडी ड्राइव्हवर, सेकंदाला १५० केबीने, तेवढंच वाचायला ११ दिवस.

टेक्सेल_कोपरखैरणे

लोकल मस्त. मीही एक सुचवतो, खर्च फक्त खडूचा. एका ठिपक्याला १ मिलिमीटर धरा. डूमची जमीन ६.४ सेंटिमीटरचा चौकोन, आलेखाच्या कागदावर छापा, हातात मावतो. आजच्या चित्राचा चौकोन त्याच मापाने ४.१ मीटर बाजूचा. तो पार्किंगच्या फरशीवर आखा आणि छोटा कागद त्याच्या कोपऱ्यात चिकटवा.

ऐरोली_सेक्टर_आठ

आत्ताच टेप लावून आलो. स्टिल्टमधल्या दोन खांबांत ३.८ मीटरच मिळतात, पलीकडे पाण्याची मोटर आहे.

टेक्सेल_कोपरखैरणे

मग ठिपका ०.९ मिलिमीटरचा धरा. मोठा चौकोन ३.६९ मीटर, छोटा ५.७६ सेंटिमीटर. छापताना "पानात बसवा" हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर प्रिंटर छोटा चौकोन स्वतःच्या मनाने आक्रसवतो आणि प्रमाण चुकतं.